एका दिवसांत फेझ

देशाटनानें मनुष्य चतुर होतो अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे, आणि ज्या काळीं ती रूढ झाली त्या काळीं ती खरीहि असावी. त्या वेळचा प्रवासी पायीं किंवा तट्टावरून जाई, वाटेंत आजारी पडे, परक्याच्या ओसरीवर निजे, आणि ज्या गांवीं जाई तेथील चार माणसांशीं संबंध आल्यावांचून त्याला तेथें शिधाहि मिळत नसे. जें कांहीं चातुर्य यावयाचें तें या संबंधांतून येई. आतां हा संबंध तेवढा वगळून बाकीचें सर्व देशाटन आपणांस ठराविक दरानें विकत मिळूं लागलें आहे. आणि तरीहि त्याच्यासंगें चातुर्य आपोआप घरीं येतें, ही आमच्या सुशिक्षित वर्गाची श्रद्धा जशीच्या तशी आहे. मे महिन्याच्या सुटींत एखादें कुटुंब मोरोक्कोस जाऊन येतें आणि परत आल्यावर सांगतें, “आम्ही कासाब्लांका केलें, फेझ केलें, माराकेश केलें.” आमचे वडील काशीस ‘जाऊन आलों’ म्हणत. जाण्यायेण्याचें क्रियापद सुटून हें ‘करण्या’चें क्रियापद केव्हां रुळलें तें भाषाशास्त्रज्ञांनीं शोधावें, पण तें यथार्थ आहे याविषयीं शंका नको. सकाळीं नऊ वाजतां आरंभून सायंकाळीं पांच वाजतां जें हातावेगळें करावयाचें असतें त्याला दुसरें कोणतें क्रियापद शोभणार?

या सहलींत वेळ थोडा मिळतो, घाई फार होते, ही तक्रार नेहमींचीच आहे व ती मला येथें करावयाची नाहीं. घाईनें पाहिलें म्हणजे थोडें कळतें, एवढेंच जर असतें तर कोणाचें फारसें बिघडलें नसतें; थोडें कळणें हें मुळींच न कळण्याहून बरें. माझें म्हणणें निराळें आहे. फेझमधील तो ठराविक ‘प्रेक्षणीय दिवस’ कांहीं शिकवीत नाहीं असें नाहीं. तो पुष्कळ शिकवितो, आणि जें शिकवितो तें मुख्यतः खोटें असतें. तें खोटें आपण मुलाबाळांसह, पैसे मोजून, घरीं घेऊन येतों व शेजाऱ्यापाजाऱ्यांस वांटतों. शिवाय हें खोटें अशा जातीचें आहे कीं, दीडशें वर्षें परकीयांच्या तोंडून स्वतःविषयीं तेंच ऐकत आलेल्या आपल्या लोकांना तरी तें चटकन् ओळखूं यावयास पाहिजे होतें.

प्रथम बस राजवाड्यासमोर थांबते. आंत जातां येत नाहीं, पण बाहेरचे पितळी दरवाजे सोन्यासारखे झळकत असतात, त्यांच्यापुढें कुटुंबवार छायाचित्रें निघतात, आणि “जुन्या काळचें कसब तें जुन्या काळचें!” असा उद्गार हमखास ऐकूं येतो. हे दरवाजे १९६९ ते १९७१ या काळांत, राजे दुसरे हसन यांच्या कारकीर्दींत, घडविलेले आहेत. कसब थोर आहे यांत वाद नाहीं. पण तें जुन्या काळचें नव्हे. आमच्या बसमधील निम्मीं माणसें त्या दरवाजांहून वयानें वडील होतीं. मग टेकडीवरून सबंध शहराचें विहंगम दर्शन होतें, आणि तेथून खालीं उतरून ‘निळ्या वेशी’पाशीं, म्हणजे बाब बू जलूदपाशीं, मंडळी पायउतार होतात. फेझचें जें चित्र जाहिरातींत व पुस्तकांच्या वेष्टनांवर सर्वत्र दिसतें तें या वेशीचें. बाहेरच्या अंगास निळा रंग आहे तो शहराचा व आंतल्या अंगास हिरवा आहे तो इस्लामचा, ही माहिती सर्वांस सांगितली जाते व सर्वांच्या स्मरणांत राहते. ती वेस १९१३ सालीं, फ्रेंचांचें ‘संरक्षण’ मोरोक्कोवर लादलें गेल्याच्या दुसऱ्या वर्षीं, फ्रेंच अंमलांत बांधली गेली हें मात्र कोणी सांगत नाहीं. बाराव्या शतकांतील मूळची वेस तिच्या शेजारींच उभी आहे. ती अरुंद व साधी आहे, म्हणून तिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. तेव्हां एक दरवाजा पंचावन्न वर्षांच्या आंतबाहेरचा, दुसरा शंभरीवर थोडा. आणि या दोन दरवाजांतून आपण मध्ययुगांत प्रवेश करतों.

‘मध्ययुग’ हाच या दिवसाचा बीजमंत्र आहे. येथें काळ थांबला आहे, हजार वर्षांत कांहीं बदललेलें नाहीं, गल्ल्या त्याच, गाढवें तींच, तांब्यावर पडणारे हातोडे तेच, असें त्याचें निरूपण. आतां इतिहास पाहावा. इ. स. ७८९ च्या सुमारास पहिल्या इद्रिसनें नदीच्या एका कांठीं गांव वसविलें. ८०९ च्या सुमारास त्याच्या मुलानें दुसऱ्या कांठीं दुसरें. ८१८ सालीं कॉर्डोव्हांतील बंड मोडल्यावर तेथून हांकललेलीं कुटुंबें येऊन एका कांठीं राहिलीं. ट्यूनिशियांतील कैरवानहून आलेले लोक दुसऱ्या कांठीं राहिले. आणि या दोन गांवांचें एकमेकांशीं दोन-अडीच शतकें पटलें नाहीं. अकराव्या शतकांत युसुफ बिन ताशफीन या मोराबित राजानें तटबंदी एक करून त्यांचें एक शहर केलें. १२७६ सालीं मरीनी सुलतानांनीं शेजारीं ‘नवें फेझ’ उभारलें. पुढें पंधराव्या शतकांत तेथेंच राजवाड्यालगत यहुदी लोकांची ‘मल्लाह’ वसली. १४९२ सालीं ग्रानाडा पडल्यावर स्पेनमधून निर्वासितांची आणखी एक लाट आली; त्यांतच तो लहान मुलगा होता, जो पुढें आफ्रिकेचें वर्णन लिहून युरोपांत लिओ आफ्रिकानस या नांवानें प्रसिद्ध झाला. तरुणपणीं त्यानें फेझच्या इस्पितळांत दोन वर्षें लेखनिकाचें काम केलें होतें, आणि शहरांतील इस्पितळें, हमामखाने, सराया व पाठशाळा यांचें वर्णन त्यानें केलें आहे तें एखाद्या चोख नगरपालिकेच्या अहवालासारखें आहे. असें सारखें घडत, मोडत, भरत, रितें होत आलेलें हें शहर थांबलें केव्हां?

याचें उत्तर आहे, आणि तें सालासकट देतां येतें. ३० मार्च १९१२ रोजीं फेझ येथेंच झालेल्या तहानें मोरोक्को फ्रेंचांच्या हातीं गेलें. पहिला रेसिडेंट-जनरल मार्शल लियोते यानें आपलें धोरण आरंभींच ठरविलें: एतद्देशीयांचीं जुनीं शहरें जशींच्या तशीं ठेवावयाचीं, आणि युरोपीयांसाठीं त्यांच्या बाजूस, मध्यें मोकळी जागा सोडून, रुंद रस्त्यांचीं नवीं शहरें बांधावयाचीं. आंरी प्रॉस्त या शिल्पज्ञानें १९१४ पासून हें धोरण कागदावर व जमिनीवर उतरविलें. लियोते हा कांहीं रानटी मनुष्य नव्हता. जुन्या मोरोक्कोवर त्याचें खरें प्रेम होतें, आणि अल्जीयर्समध्यें त्याच्याच देशबांधवांनीं जुन्या वस्तीचा खालचा भाग कसा पाडून टाकला हें त्यानें पाहिलेलें होतें. फेझ वांचलें तें कांहीं अंशीं त्याच्यामुळें, हें मान्य केलेंच पाहिजे. पण ज्याचें जतन करावयाचें त्याला वाढूं द्यावयाचें नाहीं, असा त्या जतनाचा अर्थ होता. नवे रस्ते, नवी इस्पितळें, बँका, कचेऱ्या नव्या शहरांत. आणि जुन्या शहरानें आपलें सौंदर्य संभाळून स्वस्थ बसावें. परधर्मीयांनीं मशिदींत पाऊल टाकूं नये हा निर्बंधहि लियोतेच्याच कारकीर्दींत सरकारी नियम म्हणून पक्का झाला. आजचा यात्रेकरू उंबऱ्याशीं अडतो व ‘हे लोक किती कर्मठ!’ म्हणतो, तेव्हां त्या उंबऱ्यावर एका फ्रेंच मार्शलचाहि हात आहे हें त्याच्या गांवींहि नसतें. जॅनेट अबू-लुघोद या विदुषीनें १९८० सालीं रबात शहरावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नांवांतच तिनें या व्यवस्थेला ‘नागरी वर्णभेद’ म्हटलें आहे. शब्द कडक आहे. पण ज्यांनीं पुण्यांत एकीकडे पेठा व दुसरीकडे कँप पाहिला आहे, त्यांना त्याचा अर्थ कोशांत पाहावा लागणार नाहीं.

१९५६ सालीं स्वातंत्र्य आलें तेव्हां फेझमधील सधन घराणीं नव्या शहरांत किंवा कासाब्लांकास निघून गेलीं, आणि त्यांच्या वाड्यांतून खेड्यापाड्यांतून आलेलीं गरीब कुटुंबें, एकेका दालनांत एकेक, अशीं राहूं लागलीं. १९८१ सालीं युनेस्कोनें जुन्या फेझला जागतिक वारशाच्या यादींत घातलें. आज गल्लींतून जातांना दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्यें लांकडी धिरे आडवे ठोकलेले दिसतात. ते नसते तर भिंती एकमेकींच्या अंगावर येत्या. त्या धिऱ्यांखालून आमची तुकडी गेली, तेव्हां एका बाईंनीं “किती आर्टिस्टिक!” म्हटलें. मीं त्यांना दोष देत नाहीं. सकाळपासून त्यांना जें शिकविण्यांत आलें होतें त्याचें तें बिनचूक उत्तर होतें. ज्या शहराला मध्ययुगीन म्हणावयाचें ठरलें, त्याची गरिबीहि मध्ययुगीन, आणि मध्ययुगीन गरिबीची जबाबदारी कोणावरच येत नाहीं.

‘काळ थांबला आहे’ या एका वाक्यानें किती गोष्टी पुसल्या जातात याचा हिशेब करावा. ज्या करवीयीन मशिदीच्या दारांतून आपण मान लांब करून आंतील अंगण पाहतों, तेथें १९३० च्या उन्हाळ्यांत फ्रेंचांच्या ‘बर्बर फर्माना’विरुद्ध लोक सामुदायिक प्रार्थना करूं लागले व तेथून मिरवणुकीनें बाहेर पडले. मोरोक्कोच्या राष्ट्रीय चळवळीचा उदय येथून मोजतात. त्या चळवळीचा अग्रणी अल्लाल अल्-फासी हा १९१० सालीं याच शहरांत जन्मला, याच करवीयीनमध्यें शिकला, आणि १९३७ ते १९४६ अशीं नऊ वर्षें फ्रेंचांनीं त्याला गाबोनमध्यें हद्दपार करून ठेविलें. ११ जानेवारी १९४४ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. पुढाऱ्यांची धरपकड होतांच फेझमध्यें उठाव झाला व तो बळानें चिरडण्यांत आला. आमच्याकडील १९४२ नंतर अवघ्या दीड वर्षानें! ज्यांच्या आजोबांनीं ‘चले जाव’च्या चळवळींत तुरुंग पाहिला तीं माणसें या अंगणाच्या दाराशीं उभीं राहतात, आणि त्यांना सांगितलें जातें काय, तर या लोकांना शतकानुशतकें कशाचें भानच नाहीं. हिंदुस्थान हा साधूंचा, सापांचा व झोंपलेल्या लोकांचा देश आहे असें एखाद्या परदेशी पुस्तकांत छापून आलें कीं आमचे लोक वर्तमानपत्रांत पत्रें लिहितात.

करवीयीन ही ‘जगांतील सर्वांत जुनी विद्यापीठ-संस्था’, हें दुसरें एक पाठ वाक्य. अध्यापनाच्या धंद्यांत जन्म गेल्यामुळें या ठिकाणीं मला थोडें थांबलें पाहिजे. परंपरा अशी आहे कीं, फातिमा अल्-फिह्री या कैरवानच्या व्यापाऱ्याच्या मुलीनें वारशाच्या पैशांतून ८५९ सालीं ही मशीद बांधली. कथा सुंदर आहे, आणि ती कोणाला प्रिय वाटली तर त्यांत गैर कांहीं नाहीं. पण ती चौदाव्या शतकांतील एका बखरींत प्रथम आढळते. उलट मशिदींतच सांपडलेल्या एका लांकडी कोरीव लेखांत संस्थापक म्हणून इद्रिसी घराण्यांतील दाऊदचें नांव व ८७७ हें वर्ष आहे. आणि विद्यापीठ म्हणाल तर येथें शतकानुशतकें गुरूभोंवतीं विद्यार्थ्यांची मंडळें बसत, धर्मशास्त्र, व्याकरण, कायदा शिकत. सरकारी अर्थानें ‘विद्यापीठ’ ती १९६३ सालीं झाली. त्यानें तिचा मोठेपणा रतिभरहि कमी होत नाहीं. तक्षशिला-नालंदांची नांवें घेऊन हीच पहिलेपणाची शर्यत आपणहि लावतों, म्हणून तर हें वाक्य आपल्या मंडळींना इतकें आवडतें; तेथल्या तेथें “आमची त्याहून जुनी” असा प्रतिसाद आला नाहीं अशी तुकडी विरळा. ज्याला विद्येचें कौतुक आहे त्यानें खरें म्हणजे मशिदीमागच्या ग्रंथालयाची चौकशी करावी. फेझच्याच एका कन्येनें, अझीझा शौनी या शिल्पज्ञ बाईंनीं, त्याची दुरुस्ती केली व २०१६ सालीं तें पुन्हां उघडलें. इब्न खल्दूननें १३९६ सालीं आपल्या इतिहासग्रंथाची जी प्रत या ग्रंथालयास भेट म्हणून पाठविली, तिचा भाग तेथें आहे. पण हा मजकूर सांगावयास दहा मिनिटें लागतात, आणि छायाचित्र निघत नाहीं.

आतां मराठी माणसास ज्याची खरोखर लाज वाटावी अशी गोष्ट सांगतों. प्रत्येक तुकडीला बू इनानिया मदरशांत नेतात. १३५० ते १३५५ या काळांत अबू इनान या मरीनी सुलतानानें ती बांधली. परधर्मीयांस आंत जातां येतें अशा थोड्या धर्मवास्तूंपैकीं ती एक. खालीं रंगीत फरशीचे तुकडे, मध्यें चुनेगच्चीचें कोरीव काम, वर देवदाराचें लांकूड; वीस मिनिटें मिळतात व तीं छायाचित्रांस पुरतात. याच अबू इनानच्या आज्ञेनें, याच शहरांत, ज्या वर्षीं ही वास्तु पुरी झाली त्याच १३५५ सालाच्या अखेरीस, इब्न बतूता या टँजियरच्या प्रवाशानें आपला सुमारें तीस वर्षांचा वृत्तांत सांगून संपविला आणि इब्न जुझय्य या ग्रानाडाच्या पंडितानें तो लिहून काढला. या वृत्तांतांत दिल्लीचा महंमद तुघलक आहे हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण त्यांत दौलताबाद आहे, म्हणजे आपली देवगिरी आहे. तेथील किल्ला आहे, आणि त्याच्या अंधारकोठड्यांतील मांजराहूनहि मोठे उंदीर आहेत. नंदुरबार आहे, तेथील कारागीर मराठे आहेत. गोवा आहे, त्याला तो संदाबूर म्हणतो. मराठ्यांतील वरिष्ठ जातींचें जेवण भात, भाजी व तिळाच्या तेलाचें असतें, जिवाला दुखविणें त्यांना खपत नाहीं, ते जेवणापूर्वीं स्नान करतात, हेंहि त्यानें टिपलें आहे. चौदाव्या शतकांतील महाराष्ट्राविषयीं बाहेरच्या डोळस मनुष्यानें लिहिलेले असे कागद आपणांजवळ किती आहेत? ते या गांवीं लिहिले गेले. आणि त्या सुलतानाच्या अंगणांत चाळीस मराठी माणसें वीस मिनिटें उभीं राहून, जेवणास उशीर होतो आहे म्हणून, निघून जातात. त्याच दुपारीं एका जुन्या वाड्यांतील भोजनगृहांत बसून आमच्या मंडळींनीं बरोबर आणलेलीं लोणचीं व थेपले सोडले. आमच्या पूर्वजांच्या ताटांत काय होतें तें त्या फेझवासी पाहुण्यानें निरखून लिहून ठेवावें, आणि आम्हीं त्याच्या गांवच्या ताटाकडे पाहण्याचेंहि टाळावें, ही देवाणघेवाण कांहीं समसमान म्हणतां येत नाहीं.

इब्न बतूताच्या हिंदुस्थानविषयक गोष्टी ऐकून फेझच्या दरबारांत लोक कुजबुजले कीं हा थापा मारतो. तरुण इब्न खल्दून त्या वेळीं तेथें होता, आणि त्यानें आपल्या ‘मुकद्दिमा’ ग्रंथांत ही हकीकत दिली आहे. त्यालाहि संशय आला. तेव्हां एका वजीरानें त्याला समजावलें कीं, जें आपण पाहिलें नाहीं तें खोटें मानण्याची घाई करूं नये, आणि एक दाखला दिला. एक प्रधान बरींच वर्षें तुरुंगांत होता व त्याचा मुलगा तुरुंगांतच वाढला. बापानें त्याला मेंढी म्हणजे काय तें वर्णन करून सांगितलें, तर मुलगा विचारी, “म्हणजे उंदरासारखीच ना?” कारण उंदराखेरीज दुसरें जनावर त्यानें पाहिलेलेंच नव्हतें. आमच्या तुकडींत दिवसभर “हें म्हणजे आपलें भुलेश्वर”, “ही म्हणजे आपली तुळशीबाग” असें चाललेलें ऐकून मला त्या मुलाची आठवण वारंवार होत होती.

कातडी कमावण्याच्या कुंडांकडे आतां वळूं. कारण त्यांच्यावांचून हा दिवस पुरा होत नाहीं. शुआरा नांवाचा तो कारखाना पाहावयाचा म्हणजे चामड्याच्या दुकानांतून जिना चढून गच्चीवर जावयाचें. वर जातांना हातांत पुदिन्याची एक काडी देतात, ती नाकाशीं धरावयाची. खालीं मधमाशीच्या पोळ्यासारखीं दगडी कुंडें: कांहींत चुना, कांहींत कबूतरांची विष्ठा घातलेलें पाणी, कांहींत रंग, आणि मांड्यांपर्यंत त्यांत उभे राहून कातडीं तुडविणारीं, पिळणारीं, उलटणारीं माणसें. रंग सारे केशर, नीळ व खसखशीच्या फुलांचे आहेत असें सांगतात; प्रत्यक्षांत आतां बरेचसे रासायनिक असतात, आणि या धंद्याचें पाणी शेवटीं सेबू नदीस मिळून तिची काय दशा करतें तें गच्चीवरून दिसत नाहीं. गच्चीवरून जें दिसतें तें ‘रंगांचें कोलाज’.

मला विचारावयाचें तें हें. या गच्चीवर उभ्या असलेल्या आम्हां पांढरपेशांपैकीं किती जणांनीं स्वतःच्या जिल्ह्यांतील कातडी कमावण्याची जागा पाहिली आहे? कोल्हापुरी वहाण आम्ही अभिमानानें घालतों. तिचें कातडें बाभळीच्या सालीच्या व हिरड्याच्या पाण्यांत ज्या ढोर समाजानें पिढ्यान् पिढ्या कमावलें, त्याच्या वस्तीकडे आमच्या वाडवडिलांनीं नाकाला पदर लावूनहि पाऊल टाकलें नाहीं. तेथें तो विटाळ होता. येथें तें ‘हेरिटेज’ आहे. फरक कातड्यांत नाहीं, वासांतहि नाहीं. फरक एवढाच कीं येथील माणसांशीं आपणांस उद्यां कांहीं संबंध ठेवावयाचा नाहीं. परदेशी यात्रेकरूंच्या तुकड्या धारावींतून फिरवितात म्हणून ज्यांचा स्वाभिमान दुखावतो, त्यांनीं फेझच्या गच्चीवर आपला मोबाईल कोणत्या दिशेला रोखला होता तें आठवावें. धारावींत निदान पुदिना वांटीत नाहींत.

इतकें झाल्यावर बहुतेक वाचक म्हणतील, ‘हा सारा दोष त्या वाटाड्याचा.’ परत आलेल्या मंडळींचें हें आवडतें मत आहे: वाटाडे लबाड असतात, दुकानांत नेतात, दलाली खातात. मला हें मत अन्यायाचें वाटतें. वाटाड्याची रोजची फी ठरलेली, मोसम अनिश्चित. आणि यात्रा-कंपनी जो भाव घासून घेते त्यांत दलालीचें उत्पन्न गृहीत धरलेलें असतें. म्हणजे आपण जी स्वस्त सहल मिळविली तिचीच उरलेली किंमत गालिचाच्या दुकानांत वसूल होते. आमचा वाटाडा सरकारी परवान्याचा, पन्नाशीचा, अरबी वाङ्मयाचा पदवीधर होता. सकाळभर तो ठरलेलीं वाक्यें म्हणत होता. सफ्फारीन चौकांत, म्हणजे तेथल्या तांबटआळींत, पुण्याच्या कसब्यांतल्याप्रमाणेंच कान बधिर करणाऱ्या ठोक्यांत, मीं त्याला इब्न खल्दूनला फेझमध्यें कैद कां झाली असें विचारलें. त्याचा चेहराच पालटला. अबू इनाननें १३५७ सालीं त्याला संशयावरून तुरुंगांत टाकलें, सुलतान मरेपर्यंत तो जवळजवळ दोन वर्षें आंत होता, तेव्हांचे दरबारी पक्ष कोणते, हें सारें तो असें सांगूं लागला कीं माझ्या एम्. ए. च्या वर्गाला त्याचा हेवा वाटावा. तीन मिनिटें झालीं असतील. मागून आमच्याच मंडळींपैकीं एकानें हांक दिली, “अहो सर, लेक्चर राहूं द्या आतां, त्यांना विचारा, त्या सपाता कितीपर्यंत खालीं येतील?” वाटाड्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें, आणि मग सकाळच्याच आवाजांत त्यानें दिऱ्हमचा भाव सांगितला. विद्वानास भाट करण्याचें हें काम आपण करतों, आणि मग तो भाटासारखा बोलतो म्हणून नाकें मुरडतों.

याच्या उलट टोंकाला एक जमात आहे, तिचेंहि मला कौतुक नाहीं. ‘आम्ही बुवा वाटाड्या घेत नाहीं, आम्ही गल्ल्यांत हरवून जातों’ असें ही तरुण मंडळी म्हणतात. हरवणें हें कांहीं ज्ञान नव्हे. ज्याला भाषा येत नाहीं, इतिहास ठाऊक नाहीं आणि विचारावयाचें कोणाला हेंहि माहीत नाहीं, तो वाटाड्यावांचून हिंडला म्हणजे त्याला स्वतःचेंच मन चोहोंकडे दिसतें, दुसरें कांहीं नाहीं. दलाल गेला पण ‘मध्ययुग’ राहिलेंच.

एक आक्षेप मात्र सरळ आहे व त्याला सरळ उत्तर दिलें पाहिजे. आठ दिवसांची रजा, दोन मुलें, म्हातारी आई. अशा गृहस्थानें काय फेझवर प्रबंध लिहावा? मुळींच नाहीं. त्यानें कमी पाहावें. राजवाड्याचे दरवाजे, टेकडी, कुंभारांचा कारखाना, गालिचे, हीं सर्व सोडून त्यानें एक मदरसा, एक चौक व एक गल्ली एवढेंच पाहिलें, आणि घरीं येऊन ‘फेझ पाहिलें’ न म्हणतां ‘फेझमधील एक गल्ली पाहिली’ म्हटलें, तर त्यानें पुष्कळ पाहिलें. एका दिवसाऐवजीं दोन रात्री तेथें राहिल्यास कासाब्लांकाचा एक दिवस कमी होतो. त्यानें कोणाचें नुकसान झाल्याचें ऐकिवांत नाहीं. चार कुटुंबांनीं मिळून आपला स्वतंत्र, परवान्याचा वाटाडा ठरवावा, ‘दुकान एकहि नको’ हें आरंभींच सांगावें, आणि दलालीनें त्याला जें मिळालें असतें तें उघडपणें फीमध्यें घालावें. मग त्याला त्याच्या आवडीचें बोलूं द्यावें. १९३० सालीं त्याच्या आजोबांच्या घरीं काय बोलणें होई तें विचारावें. त्याचें स्वतःचें बिऱ्हाड कोठें आहे, जुन्या शहरांत कीं नव्या, आणि सोडलें असेल तर केव्हां व कां, हेंहि विचारावें. मुलें बरोबर असतील तर त्यांच्यादेखत विचारावें.

आणि निघण्यापूर्वीं, घरीं. इब्न बतूताच्या वृत्तांतांतील हिंदुस्थानचा भाग महदी हुसेन यांनीं इंग्रजींत उतरविला व तो बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेनें १९५३ सालीं छापला. जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत शोधल्यास तो मिळण्यासारखा आहे. देवगिरी व नंदुरबारचीं पानें फार थोडीं आहेत. विमानतळावर बसल्या बसल्याहि वाचून होतील.